चौथ्या मजल्यावर कुणी नाही

कॉफीची किटली एकदम बुडबुडायला लागली आणि मी हातातली सुरी टाकून तिच्याकडे धावले. धावले म्हणजे मोजे घातलेल्या पायांनी, टाच न टेकवता. गॅस बंद केला, किटलीवर ओलं फडकं टाकलं, तरी तिच्या पोटातून आणखी दोनदा गुरगुर आलीच. मग घर पुन्हा गप्प झालं. खिडक्यांच्या झडपा तळापर्यंत ओढलेल्या होत्या. त्यांच्या फटींतून पहाटेचा उजेड जमिनीवर वहीतल्या रेघांसारखा पडला होता.

"कॉफी आहे गं ती, चोर नाही," तित्सियानो कुजबुजला. माझा नवरा. अंगात टुरिस्ट बसच्या ड्रायव्हरचा निळा शर्ट आणि बूट हातात.

"खाली ऐकू जातं."

"साडेपाचला? म्हातारी झोपली असेल."

"एर्सिलियाबाई झोपत नाहीत. त्या नुसते डोळे मिटतात."

तो हसला, तेही आवाज न करता, आणि अनवाणीच जिना उतरून गेला. दिवसभर तो उघड्या टपाच्या बसमधून परदेशी पाहुण्यांना आमचं रोम दाखवणार होता. आणि मी, त्याची बायको, बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या समजुतीप्रमाणे दहा दिवसांपासून सबाउदियाच्या समुद्रावर होते.

आमच्याकडे ऑगस्टमध्ये रोममध्ये कुणी राहत नाही. म्हणजे राहतात, पण सांगत नाहीत. पंधरा तारखेला फेर्रागोस्तोचा सण, आणि त्याच्या आधीच बेकरीवाला, चांभार, केस कापणारी, सगळे दाराला 'सुट्टीवर आहोत' अशी चिठ्ठी चिकटवून निघून जातात. तेस्ताच्चोतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात जूनपासून एकच प्रश्न असतो, "यंदा कुठे?" दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरचं एक कुटुंब ऑगस्टभर इथेच राहिलं. सप्टेंबरमध्ये आम्ही सगळ्या बायका उन्हाने भाजलेले खांदे मिरवत अंगणात उभ्या होतो आणि ती बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती, पांढरीफटक. "बिच्चारी," कुणीतरी म्हणालं. कुणीतरी म्हणजे मीच. तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. तिने वळून पाहिलं नाही, फक्त एक चिमटा जरा जास्त वेळ दाबून धरला.

यंदा तित्सियानोच्या आत्याने सबाउदियाच्या त्या दोन खोल्या विकून टाकल्या. मे महिन्यात त्याचं वर्कशॉप बंद पडलं. बसचं काम मिळालं ते ऐन मोसमापुरतं, एकही सुट्टी नसलेलं. हे सरळ सांगायला काय हरकत होती? पण शाळेच्या फाटकाशी दुसऱ्या मजल्यावरच्या पाल्लोत्ताबाईंनी विचारलं, "सबाउदियालाच ना, नेहमीसारखं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, नेहमीसारखंच." मग तेच वाक्य मला प्रत्येक मजल्यावर पुन्हा म्हणावं लागलं. म्हणता म्हणता मी त्यात वाऱ्याचं, वाळूचं, आत्याच्या तळलेल्या माशांचंसुद्धा काय काय घालत गेले.

सहा तारखेला आम्ही सगळ्यांदेखत गाडीत बॅगा भरल्या, फुगवायची रबरी मगर भरली, खिडकीतून हात हलवले. दुपारी दोन वाजता, उन्हात रस्त्यावर मांजरही नसतं तेव्हा, गाडी आणि बॅगा नदीपलीकडे ठेवून चालत परत आलो. मगर तिथे सोडायला ओत्ताविया तयार होईना. शेवटी हवा काढून मी ती माझ्या फ्रॉकखाली पोटाशी बांधून आणली. पाच वर्षांच्या माझ्या लेकीला हे सगळं इतकं आवडलं की जिन्यात तिला हसू आवरेना, आणि मला तिच्या तोंडावर हात ठेवावा लागला. आयुष्यात पहिल्यांदाच. तिची गरम, ओली, हसरी जिवणी माझ्या तळव्याखाली बंद झाली.

दहा तारखेपर्यंत सगळी बिल्डिंग रिकामी झाली. उरल्या फक्त आमच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एर्सिलियाबाई. त्र्याऐंशी वर्षांच्या, एकट्या. त्या कधीच कुठे जात नाहीत. सगळ्या घरांच्या चाव्या एका जाड दोरीत ओवून त्यांच्या ॲप्रनच्या खिशात असतात. कुणाच्या तुळशीला पाणी, कुणाच्या पोपटाला दाणे, कुणाची पत्रं. आणि सप्टेंबरमध्ये कोण कधी परतलं, कोण किती काळवंडलं, कोण नवऱ्याशी बोलेनासं झालंय, हे सगळं त्यांच्याकडूनच कळतं. म्हणून तर मला त्यांची सगळ्यात जास्त धास्ती.

निघायच्या दिवशी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात पुढे करून.

"आण गं नोएमी, चावी."

"नको अहो, कशाला त्रास. पाणी घालण्यासारखं काहीच नाही."

"आणि जिरॅनियम?"

"मेली ती. या उन्हाने." जिरॅनियमच्या चारही कुंड्या तेव्हा माझ्या न्हाणीघरातल्या टबात होत्या.

त्यांनी माझ्या खांद्यावरून रिकाम्या बाल्कनीकडे पाहिलं. सहा वर्षं माझी चावी त्या दोरीत ओवलेली असायची. हात मागे घेताना त्यांनी तो ॲप्रनला पुसला, जसं काही त्याला काहीतरी लागलं होतं.

"बरं. तुझं घर, तुझी मर्जी," त्या म्हणाल्या. मग वाकून ओत्तावियाला, "आणि तू गं चिमणे, समुद्र सगळा पिऊन नको टाकूस. माझ्यासाठी थोडा ठेव."

"आजी, आम्ही ना..." ओत्तावियाने तोंड उघडलं, आणि मी तिला दंडाला धरून ओढलं.

घरात बसून राहता येत नव्हतं. पाच वर्षांचं मूल दिवसभर मोज्यांत कसं ठेवणार? म्हणून मी एक खेळ काढला. रोज पहाटे, तित्सियानोच्या मागोमाग, चपला हातात घेऊन आम्ही उतरायचो. नदी ओलांडली की मी बॅगेतून रुंद काठाच्या दोन टोप्या, काळा चष्मा आणि कॅमेरा काढायची, आणि आम्ही परदेशी व्हायचो. आमचा देश ओत्तावियानेच ठरवला होता. तिथली भाषाही तीच बनवायची. "लाबू तिमा!" म्हणजे मला तहान लागलीय. "तिमा तिमा को!" म्हणजे खूपच लागलीय. मी नकाशा उलटा धरून उभी राहायची आणि ती हसून हसून माझ्या गुडघ्यांना मिठी मारायची.

खोटं कशाला सांगू, ते दिवस गोड होते. तीस वर्षं या शहरात काढली आणि त्या मोठ्या घुमटावर मी कधी चढले नव्हते. ते पाहुण्यांनी करायचं, असं आमचं आपलं. आता पाहुणी होऊन चढले. वरून ओत्ताविया म्हणाली, "मम्मा, आपलं घर कुठलं?" मी दाखवलं. ती म्हणाली, "इथून तर कुणाला कळणारच नाही की आपण आत आहोत." मी तिला बर्फाचा रंगीत गोळा घेऊन दिला. हॉटेलवाले आमच्याशी तुटक इंग्रजीत बोलायचे, माझ्यासाठी खुर्ची ओढायचे, तिला 'प्रिन्सेस' म्हणायचे. माझ्याच गावात माझ्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं. दुपारी दोनला, सगळं शहर जेवून पडलेलं असताना, आम्ही भिंतीच्या सावलीने घरी परतायचो.

सोळा तारखेला असंच परतलो. ओत्तावियाला थंड पाण्याने पुसून मी पलंगावर घेतलं होतं. तिचे डोळे मिटत आलेले. तीन वाजायला आले असतील.

टण. टण.

खोलीच्या कोपऱ्यात हीटरचा पाइप आहे. तो खालच्या घरातून वर येतो. गेली दोन वर्षं एर्सिलियाबाईंची बिस्किटं भट्टीतून निघाली की त्या त्या पाइपवर डावाने दोनदा वाजवतात, आणि ओत्ताविया वरून चमच्याने दोनदा वाजवून जिना उतरत सुटते.

ती ताडकन उठून बसली. "बिस्किटं!"

मी तिला घट्ट धरलं. "शू! आपण समुद्रावर आहोत."

"पण आजी बोलावतेय."

"नाही बोलावत. ती बघतेय आपण आहोत का ते. खेळ आहे. आवाज केला की आपण हरलो."

टण. टण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

मला राग आला होता, हे लिहायला हवं. भीती नाही वाटली, काळजी नाही वाटली. राग आला. मला वाटलं, काल ओत्तावियाच्या हातून पेला पडला तो त्यांनी ऐकला असणार, आणि आता त्या सापळा लावून बसल्यात. चिमणी बिस्किटाला भुलेल, हे त्यांना पक्कं ठाऊक. सप्टेंबरमध्ये अंगणात त्या हे कसं रंगवून सांगतील, तेही मला दिसायला लागलं. 'अगं, डावाने दोनदा वाजवलं आणि वरून लगेच धपधप! कुठली सबाउदिया आणि कुठलं काय!' पाल्लोत्ताबाई तोंडावर हात ठेवून हसतायत. आणि कुणीतरी मोठ्याने म्हणतंय, 'बिच्चारी.'

मी ओत्तावियाच्या कानांवर हात ठेवले आणि तिच्या केसांत तोंड खुपसून पडून राहिले. ती माझ्या कुशीत झोपून गेली. पाइप पाचेपर्यंत मधूनमधून वाजत राहिला. शेवटी शेवटी दोन वाजत नव्हते. एकच वाजायचा, आणि तोही असा की वाजला की भास झाला, ते कळू नये.

संध्याकाळी तित्सियानो आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याने शर्टाची बटणं काढता काढता हात थांबवले.

"दोन तास वाजवत होत्या?"

"तपासतायत आपल्याला."

"दोन तास कोण तपासतं गं? मी खाली जाऊन येतो. सांगेन, कामासाठी मी एकटाच परत आलोय, तुम्ही तिकडेच आहात."

"आणि मग विचारतील, कसलं काम? म्हणजे बस, म्हणजे वर्कशॉप, म्हणजे सगळंच. नको."

"नोएमी..."

"मी सांगते ना, नको."

तो दमलेला होता. दिवसभर उन्हात माइकवरचं तेच तेच ऐकून त्याचे कान बधिर झाले होते. तो बसला, आणि मी त्याच्यापुढे टोमॅटो आणि गार भात ठेवला. त्याने परत विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, असं मी त्या दिवसांत स्वतःला सांगत असे. आता नाही सांगत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चपला हातात घेऊन उतरलो. तिसऱ्या मजल्यावर एर्सिलियाबाईंच्या दारामागे रोज सहाला, आम्ही उतरतो तेव्हा, रेडिओ लागलेला असतो. कुणीतरी पाद्री प्रार्थना म्हणत असतो आणि त्याच्यावर बाईंचा खोकला. त्या सकाळी रेडिओ नव्हता. खोकलाही नव्हता. ओत्ताविया दाराशी थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मला कळलं होतं. रेडिओ नाही हे मला स्वच्छ कळलं होतं. कळूनही मी तिचा हात ओढला आणि उतरत राहिले.

त्या दिवशी खेळ जमेना. ओत्ताविया आमच्या देशाची भाषा बोलायला तयार नव्हती. मोठ्या कारंज्यापाशी पाहुण्यांची झुंबड होती, सगळे पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होते. एका म्हाताऱ्या परदेशी बाईला ऊन लागलं होतं. तिची माणसं तिला वारा घालत होती, कुणी तिच्या मनगटावर गार पाणी सोडत होतं. पाचसहा जणांची लगबग एका म्हातारीभोवती. मी नकाशा घडी घालून बॅगेत टाकला.

"घरी जायचं?" ओत्तावियाने लगेच विचारलं.

"हो. घरी."

"आणि आजीचं दार वाजवायचं?"

"हो," मी म्हणाले. आणि मला खरंच वाटलं होतं की मी वाजवणार आहे. ट्राममधून उतरेपर्यंत मी काय बोलायचं तेही ठरवलं होतं. ओत्तावियाला ताप आला म्हणून लवकर परतलो, असं. म्हणजे तेव्हाही खोटंच.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही वळलो तर बिल्डिंगसमोर अग्निशमनची लाल गाडी उभी होती. शिडी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवलेली. खिडकीची झडप उचकटून काढलेली, ती फुटपाथवर पडली होती. रुग्णवाहिका मागे. कोपऱ्यावरचा कलिंगडवाला ओतेल्लो हातात लांब सुरी तशीच धरून एका जवानाला ओरडून ओरडून सांगत होता.

"रोज दहाला तिची टोपली दोरीने खाली येते! रोज! एक फोड कलिंगड टाकतो मी, ती वरून मला शिव्या घालते की बारीक कापलीस. आज दहा वाजले, साडेदहा वाजले, टोपली नाही. मी हाका मारल्या. अकराला तुम्हाला फोन केला."

"वर-खाली कुणीच नाही राहत?"

"ऑगस्ट आहे साहेब! कोण असणार? सगळे समुद्रावर मेलेत! अख्ख्या बिल्डिंगच्या चाव्या हिच्या खिशात, आणि हिची चावी कुणाकडे? कुणाकडेच नाही. दाराला आतून साखळी."

"कालपासून पडलीय म्हणे," जवान म्हणाला. "खुब्याचं हाड मोडलंय बहुतेक. स्वयंपाकघरातून सरपटत खोलीपर्यंत आली, पाइपपाशी सापडली. हातात डाव होता."

ओतेल्लोने सुरी टपरीवर ठेवली. "डाव कशाला?"

जवानाने खांदे उडवले.

आम्ही रस्त्याच्या पलीकडे उभ्या होतो. माझ्या डोक्यावर ती रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात कॅमेरा. दुसरा एक तरुण जवान हात पसरून आमच्याकडे आला आणि इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, प्लीज. बॅक, बॅक." मी मागे सरले. तो मला परदेशी समजला, आणि मी मागे सरले.

दारातून स्ट्रेचर बाहेर आलं. चादरीखाली एर्सिलियाबाई इतक्या लहान दिसत होत्या की मला वाटलं, कुणीतरी दुसरं आहे. पांढरे केस कपाळाला चिकटलेले, ओठ फुटलेले, नाकाला नळी. ॲप्रन अंगावर तसाच होता. स्ट्रेचर फुटपाथवरून उतरताना ॲप्रनच्या खिशातल्या चाव्या वाजल्या.

"आजी!" ओत्ताविया किंचाळली. आमच्या देशाच्या भाषेत नाही. आमच्या खऱ्या भाषेत, तेस्ताच्चोच्या स्वच्छ ठसक्यात. आणि माझ्या हातातून हात सोडवून रस्त्याच्या मध्यापर्यंत धावली.

तरुण जवान थबकला. मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग स्ट्रेचरवर वाकला. "मावशी, ही पोरगी तुमच्या ओळखीची आहे का?"

एर्सिलियाबाईंनी मान वळवली. आधी ओत्तावियाकडे पाहिलं, बराच वेळ, जसं माणूस तहान लागल्यावर पाण्याकडे बघतं. मग नजर वर आली. टोपी, चष्मा, कॅमेरा. माझ्यावर थांबली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे राग नव्हता. सहा वर्षं दारात चावी मागताना असायची तीच नजर होती.

"नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. आवाज कागदासारखा. "पाहुणे दिसतात. परदेशी. उभे राहू दे त्यांना, रोम बघायला आलेत बिचारे."

आणि त्यांनी डोळे मिटले.

मी काहीतरी करायला हवं होतं. टोपी काढून फेकायला हवी होती, धावायला हवं होतं. मी उभी राहिले. दार बंद झालं, रुग्णवाहिका वळली, तिचा भोंगा नदीच्या दिशेने गेला. ओत्ताविया रस्त्याच्या मध्यात तशीच उभी होती, दोन्ही हात अंगाशी धरून. तरुण जवानानेच तिला खांद्याला धरून माझ्यापाशी आणून सोडलं, आणि इंग्रजीत "सॉरी" म्हणाला.

गाडी गेली. माणसं पांगली, होती कितीशी! ओतेल्लो टपरीत परतून कुणासाठी तरी कलिंगड चिरायला लागला. मी टोपी काढली. चष्मा काढला. तेवढा रस्ता ओलांडायला मला फार वेळ लागला.

"कुठल्या इस्पितळात नेलं, ओतेल्लो?"

त्याने वर पाहिलं. सुरी कलिंगडात अर्धी रुतून राहिली. "नोएमी? अगं, तू? तू तर..." त्याने ओत्तावियाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या टोपीकडे, गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे. चांगला माणूस आहे तो. त्याने स्वतःच मला वाट करून दिली. "आत्ताच परतलात होय? आज सकाळी?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ते माझ्या जिभेवर तयारच होतं, तापासकट.

"आम्ही गेलोच नव्हतो," मी म्हणाले. "वरच होतो."

"वर म्हणजे?"

"घरी. कालही."

त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलेलं मी बघितलं: डाव, पाइप, काल. टपरीशी उभं असलेलं गिऱ्हाईक आमच्याकडे आळीपाळीने बघत होतं. ओतेल्लोने मान खाली घातली आणि सुरी पूर्ण दाबली. कलिंगड तडकून दोन झालं.

"नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "ट्रामने जा. लवकर पोचशील." थोडं थांबून त्याने एक फोड कागदात गुंडाळून ओत्तावियाच्या हातात दिली. मला काही दिली नाही.

ट्राममध्ये दोनचारच माणसं होती. सगळ्या खिडक्या उघड्या, तरी आत भट्टी. ओत्ताविया माझ्या मांडीवर बसली होती, तिच्या मानेला घाम आणि धुळीचा वास येत होता. तिने कलिंगड खाल्लं नाही, कागदासकट दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं, आणि लाल पाणी तिच्या कोपरांवरून माझ्या फ्रॉकवर गळत होतं. आजीला काय सांगायचं ते मी मनात जुळवून बघत होते. पहिलंच वाक्य जुळत नव्हतं.

"मम्मा."

"काय गं बाळा?"

"तू आजीला सांगितलं होतंस ना, आपण समुद्रावर जातोय म्हणून?"

"हो."

"म्हणजे तिला वाटत होतं, वर कुणीच नाही."

खिडकीबाहेर पूल सुरू झाला. खाली नदी आटलेली, हिरवट, मधोमध दगड उघडे पडलेले. ओत्तावियाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर, कोडं सोडवताना पडते तशी, दोन भुवयांमध्ये एक लहानशी आठी होती.

"मग ती पाइप कुणासाठी वाजवत होती?"